रुळांच्या अलीकडे आणि पलीकडे: दादर युनियन व शिवाजी पार्क यांच्या चुरशीचा इतिहास

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठोबाची यात्रा भरते, कात्रक रोडवर माणूस मावत नाही, आणि त्याच पंधरवड्याच्या आगेमागे मुंबईच्या मैदानांवर कांगा लीगचे सामने सुरू व्हावयाचे. भर पावसाळ्यात क्रिकेट खेळण्याची ही तऱ्हा जगात फारशी कोठे सापडावयाची नाही. ज्या दिवसांत साऱ्या गावांत चेंडूफळी माळ्यावर जाते, त्या दिवसांत मुंबईकर पांढरे कपडे घालून चिखलात उतरत. या चिखलातच एक चुरस वाढली. एक पक्ष दादर युनियन स्पोर्टिंग क्लब, दुसरा शिवाजी पार्क जिमखाना. पहिल्याचे मैदान रुळांच्या पूर्वेस, आपल्या वडाळ्याहून पायी जाता येईल अशा अंतरावर माटुंग्यास. दुसऱ्याचे रुळांच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला. नावात दादर असलेला क्लब माटुंग्यात का, असे नवखा माणूस विचारतो. जुन्यांना तो प्रश्न कधी पडलाच नाही.

खेळाडूंच्या धावा आणि बळी मोजण्याचे काम वर्तमानपत्रांनी केलेले आहे. ते पुन्हा करण्याचा आमचा इरादा नाही. दोन क्लब एकमेकांविरुद्ध खेळतात यात नवल काय, असेही कोणी म्हणेल. आमचा प्रश्न निराळा आहे. ही चुरस याच वस्तीत, याच काळात का जन्मली? आणि जिच्यातून अर्धा डझन कसोटीवीर निघाले ती पुढे विझत का गेली?

उत्तराची सुरुवात क्रिकेटपासून होत नाही, प्लेगापासून होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरगाव, मांडवी, कामाठीपुरा येथल्या दाट वस्तीतून माणसे मेली, त्याहून अधिक पळाली. सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढली. शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा, शीव या पट्ट्यात त्या वेळी शेते, वाड्या आणि मिठागरे होती. ती जमीन घेऊन तेथे आखीव रस्त्यांची नवी वस्ती वसवावयाची, असा बेत ठरला. मधल्या वर्गाच्या माणसांसाठी मोकळ्या हवेतली घरे, घरांमध्ये अंतर, रस्त्यावर झाडे, आणि मधून मधून राखलेली मोकळी जागा. मंचरजी जोशींनी खटपट करून उभारलेली पारशी कॉलनी, तिच्या शेजारची हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कल ही सारी त्या बेताची फळे. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला, पण त्याने कागदावर ओढलेल्या रेघा आजही आपल्या पायांखाली आहेत. आपल्या नातवंडांना हवा खेळती मिळावी म्हणून जो नकाशा झाला, त्यात चेंडू खेळता राहण्याचीही सोय झाली. हे कोणी ठरवून केले नव्हते.

नव्या वस्तीत शिकणारी मुले आली, म्हणून शिक्षणसंस्थाही आल्या. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्यास आले. १९३७ साली रुइया कॉलेज आणि खालसा कॉलेज निघाले, १९४१ साली पोदार. रुइया आणि पोदार ही दोन्ही शिक्षण प्रसारक मंडळीची, म्हणजे एकाच घरची भावंडे, आणि घरेही लागून. एका बाजूला कला आणि विज्ञान, दुसऱ्या बाजूला वाणिज्य. भावंडांत व्हावयाची ती चुरस त्यांच्यातही झाली. नाटकाच्या स्पर्धेत झाली, मैदानावर झाली, आणि कठड्यावर बसून मारलेल्या गप्पांत तर रोजच झाली. संदीप पाटील रुइयाचे, दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदारचे, एवढे सांगितले तरी या शेजाराची कल्पना येते. शास्त्री त्याआधी डॉन बॉस्को शाळेत होते. क्रिकेटमध्ये त्या शाळेचे नाव तोवर मोठे नव्हते. १९७७ साली त्यांच्या नेतृत्वाखाली तिने गाइल्स शील्ड पहिल्यांदा जिंकली. तेथे त्यांना शिकविणारे बी. डी. देसाई हे दादर युनियनकडून खेळलेले. शाळा, कॉलेज आणि क्लब एकमेकांत असे गुंतलेले होते. सकाळी वर्ग, दुपारी सराव, रविवारी सामना, आणि हे सारे एका ट्रामच्या तिकिटात, बहुधा तेही न काढता.

रुळांच्या पलीकडची गोष्ट थोडी वेगळी. महापालिकेने १९२५ साली माहीमच्या बाजूस एक भले मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. त्याचे नाव तेव्हा माहीम पार्क. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली ते शिवाजी पार्क झाले. या मैदानाला कुंपण असे नव्हतेच. एका कडेला व्यायाम, एका कडेला फिरणारे म्हातारे, मध्ये एकाच वेळी चाललेले अनेक सामने. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाच्या पाठीशी उभा. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत याच मैदानावर लाखांच्या सभा भरल्या. जेथे सारे शहर येऊन ओरडते अशा जागी वाढलेला खेळाडू आणि चार बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या आखीव मैदानावर वाढलेला खेळाडू यांची प्रकृती एक असावयाची नाही, असे आम्हांस वाटते. जाणकारांनी हा सिद्धान्त फार ताणू नये; पण टाकूनही देऊ नये.

आता काळाकडे वळू. मुंबईतले मोठे क्रिकेट हे १९४६ पर्यंत जातिधर्मांचे क्रिकेट होते. प्रथम युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू, १९१२ पासून मुसलमान, आणि १९३७ पासून ‘इतर’ म्हणून पाचवा संघ. सामन्यांना गर्दी लोटे. गांधीजींनी १९४० साली या स्पर्धेविरुद्ध मत दिले, त्यावर मोठा वाद झाला, तरी ती आणखी काही वर्षे चालली. शेवटची पंचरंगी १९४६ च्या आरंभी आटोपली. माणसाची खेळातली बाजू त्याच्या जन्मावरून ठरावयाची, ही रीत तेथे संपली.

नंतर दोनच वर्षांनी, १९४८ साली, कांगा लीग निघाली. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी संघाचे नामांकित फलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या संघात होते. त्याच संघात पुण्याहून पुढे आलेले पळवणकर बाळू होते, ज्यांना गुण असूनही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळाले. कांगा १९४५ साली वारले, आणि त्यांच्या नावाची लीग क्लबांची झाली. माणसाची बाजू आता त्याच्या वस्तीवरून ठरू लागली. जातीच्या चुरशीची जागा वस्तीच्या चुरशीने घेतली हा आमच्या मते स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईतला एक लहानसा, पण खरा बदल आहे.

लहानसा म्हणण्याचे कारण आहे. वस्त्या तरी कोठे जातिविरहित होत्या? कॉलन्यांची नावेच पारशी आणि हिंदू. दादर-माटुंग्याचे क्रिकेट हे बव्हंशी पांढरपेशांचे क्रिकेट राहिले. बॅट, पॅड, पांढरा पोशाख आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस परवडणे हे कारकुनाच्या मुलाला जड जाई, गिरणी कामगाराच्या मुलाला अशक्यच. परळ, लालबाग, नायगाव, वडाळा येथल्या पोरांनी हुतुतू धरला, कारण त्याला एवढीशी जागा आणि सात गडी पुरतात. वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिराचे नाव कबड्डीच्या जगात आदराने घेतले जाते. त्या खेळातही वस्तीवस्तीची चुरस हीच होती, आणि प्रेक्षक क्रिकेटपेक्षा कमी नव्हते. एकनाथ सोलकरांसारखा, जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, एका खोलीत वाढून कसोटी क्रिकेटात गेला हे खरे. पण असे उदाहरण सांगताना आपण एकच नाव घेतो, यातच सारे आले.

असो. कांगा लीगचा खेळ कसा असे ते न सांगता पुढे जाणे म्हणजे लग्नाचे वर्णन करून नवरा-नवरी विसरण्यासारखे होईल. सामना एका दिवसाचा, बहुधा रविवारचा. खेळपट्टी झाकलेली नाही. रात्रभर पाऊस पडला असेल तर चेंडू टप्प्यावर थबकतो, मग एकदम उसळतो किंवा मुळीच उठत नाही. सीमेपर्यंतचे गवत घोट्याएवढे वाढलेले, त्यामुळे जमिनीवरून मारलेला सुंदर ड्राइव्ह दहा पावलांवर रुतून बसतो. धावा हव्या तर चेंडू उचलावा लागतो, आणि उचलला तर झेल. अशा ठिकाणी शंभर धावांचा डाव हा भरभक्कम डाव, आणि कोणाच्या पन्नास झाल्या की त्याला शतकाचा मान. पहिल्या डावातली आघाडी कोणाकडे, यावर सारे अवलंबून. संध्याकाळी ढग दाटलेले, शेवटची जोडी, पाच धावा कमी: अशा वेळी मुंबईच्या खेळाडूला जो चिवटपणा शिकावा लागला त्याला मुंबईच्या भाषेत खडूसपणा म्हणतात. हा शब्द घरात शिवी आहे आणि मैदानावर पदवी. चेंडूची शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहावी, तो बॅटपाशी आल्यावरच खेळावा, ही विद्या या खेळपट्ट्यांनी फुकट शिकविली. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक सोडला नाही, त्याचे एक मूळ या चिखलात आहे.

दादर युनियनचा कणा म्हणजे माधव मंत्री. हिंदू कॉलनीत राहणारे, यष्टिरक्षक, चार कसोटी सामने खेळलेले, मुंबईला रणजी करंडक तीन वेळा जिंकून देणारे कर्णधार. पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात १९४९ साली जो सामना झाला व ज्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या, त्यात त्यांच्या २०० होत्या. पण त्यांचे खरे काम आकड्यांत मावत नाही. वेळेवर येणे, स्वच्छ कपडे, पंचाशी न बोलणे, आणि नाव कितीही मोठे असले तरी उशिरा आल्यास गय नाही, असा त्या क्लबाचा दंडक होता, असे तेथे खेळलेले सांगत आले. त्यांचा भाचा सुनील गावसकर ताडदेवला राहणारा, सेंट झेवियर्समध्ये शिकणारा. लहानपणी मामांच्या कपाटातला भारताचा स्वेटर त्याने मागितला, तेव्हा मामांनी तो दिला नाही; असा स्वेटर कमवावा लागतो असे सांगितले. ही हकीगत गावसकरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मामांच्या मागोमाग तो माटुंग्याच्या मैदानावर आला. तेथे त्याला वासू परांजपे हे कर्णधार भेटले, ज्यांनी त्याला ‘सनी’ हे नाव दिले. परांजपे स्वतः कसोटी खेळले नाहीत. पण मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांतले फलंदाज अडचणीत सापडले की त्यांच्याकडे जात. २०२१ साली ते वारले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत ज्यांची नावे होती, तेवढ्यांचा एक उत्तम कसोटी संघ झाला असता. रामनाथ परकार, विठ्ठल ऊर्फ मार्शल पाटील, पुढे वेंगसरकर हीही या क्लबाचीच माणसे.

पलीकडे शिवाजी पार्कची यादी याहून कमी भरदार नाही. लेगस्पिनर सुभाष गुप्ते, ठेंगणे पण तिखट गोलंदाज रमाकांत देसाई, अजित वाडेकर, पद्माकर शिवलकर, संदीप पाटील. वाडेकरांचे क्रिकेट म्हणजे योगायोगाची गोष्ट. मुलाने इंजिनियर व्हावे अशी घरची इच्छा, मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकत होता. बसमध्ये सोबत असलेले बाळू गुप्ते, सुभाष यांचे धाकटे बंधू, म्हणाले की कॉलेजच्या संघाला बारावा खेळाडू हवा आहे, सामन्याचे तीन रुपये मिळतील. तीन रुपयांसाठी मुलगा गेला आणि भारताचा कर्णधार होऊन परतला. त्या कॉलेजच्या संघाला शिकविणारे कोण, तर माधव मंत्री! म्हणजे शिवाजी पार्कच्या सर्वांत यशस्वी माणसाच्या घडणीत दादर युनियनच्या कर्णधाराचा हात. चुरस होती ती अशी. रविवारी सकाळी एकमेकांना बाद करण्यासाठी जीव टाकावयाचा, आणि सोमवारी त्याच माणसाच्या हाताखाली शिकावयाचे.

ही चुरस किती घरगुती होती याचा पुरावा १९७१ आणि १९७२ या सालांत सापडतो. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये भारताने मालिका जिंकल्या. कर्णधार शिवाजी पार्कचा, आणि वेस्ट इंडीजमध्ये चार सामन्यांत ७७४ धावा करणारा सलामीवीर दादर युनियनचा. पुढच्या वर्षी डिसेंबरात इंग्लंडचा संघ दिल्लीत खेळला, तेव्हा वाडेकरांनी सलामीला गावसकर आणि परकार यांना पाठविले. पुढच्या कलकत्त्याच्या सामन्यातही हीच जोडी. शिवाजी पार्कच्या कर्णधाराने भारताचा डाव दादर युनियनच्या दोघांच्या हवाली केला. दिल्लीचा सामना आपण हरलो, कलकत्त्याचा २८ धावांनी जिंकलो. परकारांच्या नशिबी कसोटी सामने तेवढेच दोन होते.

शिवलकरांच्या नशिबी तेवढेही नव्हते. त्याच मोसमात रणजीचा अंतिम सामना मद्रासला झाला. मुंबई पहिल्या डावात १५१, दुसऱ्यात ११३. एवढ्या तुटपुंज्या धावांवर मुंबई १२३ धावांनी जिंकली, कारण तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ वर संपले. शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी, तरी भारताकडून एकही कसोटी नाही. डावखुऱ्या फिरकीची ती जागा बिशनसिंग बेदींची होती. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर ज्यांनी या माणसाला तोंड दिले त्यांना परदेशातले गोलंदाज सोपे वाटले असतील, तर त्यात नवल नाही. दादर युनियनच्या फलंदाजीचे अर्धे श्रेय आम्ही शिवाजी पार्कच्या गोलंदाजीला देतो, आणि उलटही.

परदेशात अशा चुरशींचे कौतुक फार. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात लाफायेट आणि लीहाय ही दोन लहान विद्यालये आहेत, एकमेकांपासून सतरा मैलांवर. १८८४ सालापासून ती त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल एकमेकांशी खेळत आहेत. १८९६ साली एका खेळाडूच्या पात्रतेवरून भांडण झाले, तेवढे एकच वर्ष सामना चुकला. आणि अलीकडे साथीच्या वेळी तो शरदातून वसंतात ढकलावा लागला. २०१४ साली त्यांनी दीडशेवा सामना न्यूयॉर्कच्या मोठ्या मैदानावर खेळला. या विद्यालयांतून जगप्रसिद्ध खेळाडू निघत नाहीत. तरी चुरस सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली. आमच्याकडे जगप्रसिद्ध खेळाडू निघाले आणि चुरस पन्नास वर्षेही धडपणे टिकली नाही. असे का व्हावे?

आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण असे. तिकडे विद्यालय ही संस्था टिकली. तिच्याजवळ जमीन आहे, पैसा आहे, आणि म्हाताऱ्या झालेल्या विद्यार्थ्यांची वर्गणी आहे. इकडे क्लब टिकण्यासाठी तीन गोष्टी लागत, आणि तिन्ही बाहेरच्यांच्या हाती होत्या. एक, खेळाडू मैदानाजवळ राहिला पाहिजे. दुसरी, त्याला अशी नोकरी हवी जी त्याला खेळू देईल. तिसरी, रविवारी त्याला दुसरीकडे बोलावणारे कोणी नसावे. नोकरी बँका देत आणि कंपन्या देत. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये, शिवलकर आणि वेंगसरकर टाटांकडे. मफतलालचा संघ तर नावाजलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. कापडधंद्याच्या आधारावर उभे असलेले संघ एकामागून एक गेले. ज्या पोरांना मैदान परवडत नव्हते त्यांच्या बापांच्या घामावरच पांढरपेशांचे क्रिकेट काही अंशी पोसले गेले होते, हे तेव्हा उघड झाले. आम्हांस वाटते, ते पुरेसे कोणी बोलले नाही.

नोकरीपाठोपाठ घर गेले. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क येथे नव्या जोडप्याने घर घेणे अशक्य झाले. मुले बोरिवलीस, वसईस, डोंबिवलीस गेली. रोहित शर्मा बोरिवलीचा, शार्दूल ठाकूर पालघरचा, पृथ्वी शॉ विरारचा. मुंबईचे क्रिकेट मेले असे म्हणणाऱ्यांनी पश्चिम रेल्वेची पहाटेची लोकल पाहावी. किटच्या पिशव्यांनी दारे अडलेली असतात. पण विरारहून येणारा मुलगा कोणत्या वस्तीचा म्हणून खेळणार? तो शिक्षकाचा विद्यार्थी असतो, रमाकांत आचरेकरांनी शिवाजी पार्कवर जी परंपरा घातली तिचा वारस असतो. वस्तीचा गडी नसतो. आणि तिसरी गोष्ट, रविवारचे बोलावणे. १९७०-८० च्या दशकांत गावसकर, वेंगसरकर परदेश दौऱ्याहून परतले की विमानतळावरून येऊन कांगा लीगच्या सामन्याला उभे राहत. पुढे भारताचे सामने बारमाही झाले, २००८ पासून आय.पी.एल. आली, आणि चिखलात पाय मुरगळून घेणे हा धोका ठरला.

माटुंग्याची मैदाने अजून आहेत. ट्रस्टच्या नकाशात जी मोकळी जागा राखली गेली ती आजच्या भावाने मोजली तर आकडा लिहिताना हात अडखळेल, आणि तो आकडा मोजणारी माणसे शहरात पुष्कळ आहेत. शिवाजी पार्कवर उन्हाळ्यात धूळ एवढी उडते की काठावरच्या घरांनी खिडक्या लावून घ्याव्यात. त्यावर माती बदला, गवत लावा, सभा बंद करा, असे वाद दरवर्षी होतात. जिमखान्याच्या बाजूला नेट लागलेली असतात. शिवलकर वयाच्या उतारावरही तेथे मुलांना चेंडू कसा सोडावा ते शिकवीत. मार्च २०२५ मध्ये ते वारले. त्यांना खांदा देण्यास आलेल्यांत रुळांच्या दोन्ही बाजूंची माणसे असणार, हे सांगावयास साक्षीदार नको.